सव्वीसचा भागाकार



मनुष्यबळ विभागात पहिली नोकरी शोधणारी मुले-मुली मला हमखास विचारतात, "सर, कुठलं सर्टिफिकेट केलं म्हणजे नोकरी लागेल?" शेजारी बहुधा वडील बसलेले असतात. फीचा आकडा ऐकून ते गप्प झालेले असतात. उत्तर दोघांनाही द्यायचे आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

उत्तराआधी मी एक गणित घालतो. दरमहा २६,००० रुपये वेतन असलेला कामगार दहा वर्षांनी नोकरी सोडतो. दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, या हिशेबाने ग्रॅच्युइटी किती? बरीच मुले वेतनाला तिसाने भागतात आणि १,३०,००० सांगतात. कायदा सव्वीसने भागायला सांगतो. उत्तर येते १,५०,०००. एका भागाकाराने कामगाराच्या घरातले वीस हजार गेले.

मग मी विचारतो, सव्वीसच का? महिन्यातल्या चार सुट्ट्या वजा केल्या की कामाचे दिवस सव्वीस उरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हा हिशेब मान्य केला आणि १९८७ च्या दुरुस्तीने तो कायद्यात आला. पण त्या सुट्टीचा इतिहास आणखी जुना आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. हे ज्याला उमगले, तो सव्वीसचा आकडा जन्मात विसरणार नाही.

आता प्रमाणपत्रांकडे वळू. हा एकच शब्द आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना लावतो.

पहिली गोष्ट, कायद्याने मागितलेली पात्रता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा अडीचशेवर आली आहे. या पदाची पात्रता सरकार ठरवते. तुम्हाला कारखान्यात जायचे असेल, तर पैसे आणि वर्षे आधी इथे घाला, कारण ही पात्रता नसेल तर त्या खुर्चीवर बसताच येत नाही.

दुसरी, कामगार कायद्याची पदविका, आपल्याकडचे 'डीएलएल'. नोकरी सांभाळून ती करता येते. कायद्याचे मूळ कलम उघडून वाचायची सवय लागली, तर ती फळाला आली असे समजा.

तिसरी, परदेशी संस्थांच्या परीक्षा. एचआरसीआय या अमेरिकी संस्थेची एपीएचआर परीक्षा अनुभव नसलेल्यालाही देता येते. पण तिच्यात अमेरिकेचे कायदे येतात. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांचे काम इथून पाहणाऱ्या कंपनीत जाणार असाल तर ती उपयोगाची. चाकणच्या कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरला गेला की नाही हे तपासताना ती कामी येणार नाही. अमेरिकेबाहेरच्यांसाठी त्याच संस्थेची एपीएचआरआय ही वेगळी परीक्षा आहे. फी भरण्याआधी हा फरक नीट पाहा.

या परीक्षांची एक रीत मात्र मला मनापासून आवडते. ते प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवे करून घ्यावे लागते; त्यासाठी शिकत राहावे लागते किंवा पुन्हा परीक्षेला बसावे लागते. आपल्याकडे पदविका एकदा भिंतीवर लागली की लागली. पण २१ नोव्हेंबर २०२५ रोजी २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. पूर्वी पाच वर्षे भरल्याशिवाय ग्रॅच्युइटी नाही, हे आम्ही पाठ केले होते. आता ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेवरही तिचा हक्क आहे. असा कामगार दोन वर्षांनी निघाला आणि तुम्ही जुन्या पाठांतरावर "काही मिळणार नाही" असे सांगून बसलात, तर भिंतीवरच्या पदविकेचा त्याला काय उपयोग?

म्हणून वडिलांना माझे सांगणे असे: मुलाच्या पहिल्या वर्षी मोठ्या फीच्या मागे लागू नका. चारही संहिता सरकारी संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतात. त्याला आधी हजेरी, पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआय यांचे काम करू द्या. कुठे अडते हे त्याला वर्षभरात कळेल. जिथे अडेल, तिथले शिक्षण घ्यायचे. नोकरीच्या दारात प्रमाणपत्राने अर्जाकडे लक्ष जाते, हे खरे आहे. त्यापुढच्या मुलाखतीत हिशेब स्वतःलाच मांडावा लागतो.

आणि मुला-मुलींनो, एक दिवस तुमच्या टेबलासमोर नोकरी सोडणारा माणूस अखेरच्या हिशेबाचा कागद घेऊन बसेल. त्याला कलम ठाऊक नसेल. तुम्ही सांगाल तो आकडा खरा मानून तो सही करेल. तो आकडा त्याला पुराव्यानिशी समजावून सांगता येईल इतके शिका. त्यासाठी जे प्रमाणपत्र लागेल ते अवश्य घ्या.