घाव मेंदूवर, दोष स्वभावाला

कोणाचा हात मोडला म्हणजे तो झोळींत बांधतात, आणि घरांतील लहान मूलदेखील त्या हाताला धक्का लागूं नये म्हणून जपतें. पाय मोडून अंथरुणावर पडलेल्यास ‘तूं आळशी झालास’ असें कोणी म्हणत नाहीं. परंतु डोक्याला मार लागला, जखम भरून आली, टांके निघाले, केस पुन्हां वाढले, आणि त्यानंतर तोच मनुष्य चिडूं लागला, विसरूं लागला, हातांतलें काम अर्धवट टाकूं लागला, तर आपण काय म्हणतों? ‘याचा स्वभाव बिघडला’ असें म्हणतों. हातापायाची इजा आपल्याला दिसते. ही इजा दिसत नाहीं, दिसतो तो केवळ तिचा परिणाम. या न दिसणाऱ्या इजेविषयीं आज मी बोलणार आहें. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर शाळामास्तरकी केलेला मनुष्य आहें. जें सांगणार आहें तें मी निवृत्तीनंतर, नववीच्या मुलांबरोबर बसून शिकलों.

आमच्या गांवांतील एका हायस्कुलांत विज्ञान शिकविणाऱ्या बाईंनीं मला मदतीस बोलाविलें होतें. मुलें मेंदूची आकृति काढतात, भागांना नांवें देतात आणि परीक्षा संपतांच सर्व विसरतात, ही त्यांची तक्रार होती. आम्हीं दोघांनीं विचार करून चोवीस मुलांचे चार गट पाडले. प्रत्येक गटास मेंदूचा एकेक भाग न देतां एकेक माणूस दिला. त्याला काय झालें, तो पूर्वीं कसा वागे, मागाहून कसा वागूं लागला, हें गटानें मिळून शोधावयाचें. प्रत्येकाच्या वहींत तीन रकाने आंखले: काय पाहिलें, कोणीं पाहिलें, आणि त्यावरून काय अनुमान केलें. तिसऱ्या रकान्यांतील मजकूर पहिल्यांत घालावयाचा नाहीं, एवढा एकच नियम.

नियम सोपा दिसतो, पण तो अंगवळणी पडण्यांतच पहिला आठवडा गेला. ‘तो उद्धट झाला’ हें वाक्य कोणत्या रकान्यांत घालावें यावरून एका गटांत तासभर भांडण झालें. अखेर एका मुलीनें निवाडा केला: ‘त्यानें शिवी दिली’ हें कोणीतरी कानांनीं ऐकलेलें आहे, तें पहिल्या रकान्यांत, ‘उद्धट झाला’ हें आपलें मत आहे, तें तिसऱ्यांत. हा निवाडा पुढें माझ्या स्वतःवरच उलटणार आहे, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

पहिल्या गटाच्या वांट्यास फिनियास गेज हा अमेरिकन मुकादम आला. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं व्हर्माँट राज्यांतील कॅव्हेंडिश गांवाजवळ आगगाडीच्या रस्त्यासाठीं खडक फोडण्याचें काम चालू होतें. खडकांतील भोकांत सुरुंगाची दारू ठासली जात असतां ती अवचित पेटली, आणि ठासण्याची लोखंडी पहार गेजच्या डाव्या गालांतून शिरून डोक्याच्या माथ्यांतून बाहेर उडाली. ही पहार ३ फूट ७ इंच लांब, सव्वा इंच जाड आणि सव्वातेरा पौंड, म्हणजे सुमारें ६ किलो, वजनाची होती. गेज २५ वर्षांचा होता. तो मेला नाहीं. थोड्याच मिनिटांत तो बोलूं लागला आणि बैलगाडींत बसून आपल्या बिऱ्हाडीं गेला. डॉ. जॉन हार्लो यांनीं त्याची शुश्रूषा केली. डावा डोळा गेला. पण चालणें, बोलणें, ओळखणें सर्व शाबूत राहिलें.

बदललें तें निराळेंच. हार्लो यांनीं १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतावरून दिसतें कीं, पूर्वींचा गेज कामांत तरबेज आणि मनाचा समतोल असलेला होता. मागाहूनचा गेज लहरी व शिवराळ झाला, कोणाचा सल्ला ऐकेना, अनेक बेत रचून तडीस एकही नेईना. ज्या कंत्राटदारांस तो पूर्वीं उत्तम मुकादम वाटे, त्यांनींच त्याला कामावर परत घेतलें नाहीं. हा पूर्वींचा गेजच नव्हे, असें त्याचे स्नेही म्हणूं लागले. कपाळामागें असणारा मेंदूचा भाग हा आपल्या वागण्याचा लगाम आहे. पुढचा विचार करणें, राग आवरणें, हातीं घेतलेलें काम चिकाटीनें पुरें करणें, हीं कामें बव्हंशीं त्याच्या आधारानें चालतात. पहार नेमकी तेथून गेली होती.

बहुतेक ठिकाणीं ही गोष्ट एवढ्यावरच संपवितात. आमच्या गटांतील एका मुलानें विचारलें, ‘गुरुजी, अपघातानंतर हा बारा वर्षें जगला. तितकीं वर्षें तो काय करीत होता?’ शोध घेतां कळलें कीं, १८५२ सालीं गेज दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत गेला आणि तेथें सुमारें सात वर्षें घोड्यांच्या गाडीवर सारथ्य करीत होता. अनेकदां त्या गाडीला सहा घोडे जोडलेले असत. असली गाडी हांकणें म्हणजे वेळेवर उठणें, जनावरांची निगा राखणें, उतारूंशीं नीट वागणें. बेलगाम मनुष्याचें तें काम नव्हे. मॅल्कम मॅकमिलन या संशोधकांनीं गेजवर लिहिलेला ग्रंथ २००० सालीं प्रसिद्ध झाला. गेज पुढें बराच सावरला असावा, आणि रोजच्या ठराविक क्रमाचें काम त्याला उपकारक झालें असावें, असें त्यांचें मत आहे. पुढें अपस्माराचे झटके येऊन १८६० सालीं तो सॅन फ्रॅन्सिस्को येथें वारला. मुलांनीं हें मत तिसऱ्या रकान्यांत लिहिलें, हें पाहून मला संतोष झाला.

दुसऱ्या गटाचा माणूस फ्रान्समधील. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयांत लेबोर्न्य नांवाचा एक रोगी २१ वर्षें राहिला होता. त्याला दुसऱ्याचें बोलणें बहुतेक समजे. पण कोणताही प्रश्न विचारला तरी त्याच्या तोंडून ‘तां, तां’ एवढेंच निघे. म्हणून रुग्णालयांत त्याचें नांवच ‘तां’ पडलें. १८६१ सालीं तो वारल्यावर पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यांनीं त्याचा मेंदू तपासला, तेव्हां डाव्या बाजूच्या पुढील भागांत विकृति आढळली. शब्दांचा उच्चार घडवून आणणारी जागा मेंदूंत कोठें आहे, याचा मोठा पुरावा त्यावरून मिळाला. पाठ्यपुस्तकांत हें असतें. परंतु ब्रोकांच्या टिपणांत आणखी एक गोष्ट आहे. त्या रुग्णालयांतील इतर लोक या मनुष्याचा तिटकारा करीत, तो स्वार्थी व खुनशी आहे असें म्हणत; कांहींनीं तर त्याच्यावर चोरीचाही आळ घेतला होता. हे दोष बऱ्याच अंशीं त्याच्या मेंदूंतील विकृतीमुळें असतील, असें ब्रोकांनीं तेथेंच नमूद करून ठेविलें आहे. ज्याला आपली बाजू मांडण्यास एक शब्द उरला नव्हता, त्याच्यावर चोरीचा आळ! वर्ग हें ऐकून स्तब्ध झाला होता.

तिसऱ्या गटानें हेन्री मोलेसन या अमेरिकन गृहस्थांचा अभ्यास केला. तीव्र अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ सालीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आंत खोलवर असलेला कांहीं भाग शस्त्रक्रियेनें काढून टाकण्यांत आला. झटके पुष्कळ कमी झाले. पण नवें कांहीं लक्षांत राहीना. समोरचा मनुष्य खोलीबाहेर जाऊन थोड्या वेळानें परत आला तरी तो त्यांना नवखाच वाटे. बुद्धि मात्र शाबूत होती, बोलणें सभ्य होतें. ब्रेंडा मिल्नर या विदुषींनीं त्यांना आरशांत पाहून चांदणीची आकृति गिरवावयास लाविली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला; आपण हें पूर्वीं केल्याची आठवण मात्र त्यांना मुळींच नव्हती. आमच्या मुलांनीं वर्गांत आरसा उभा करून हाच प्रयोग केला. प्रथम सर्वांच्याच रेघा वांकड्या गेल्या आणि मोठा हंशा पिकला. दहाव्या खेपेस रेघा बऱ्याच सरळ झाल्या. डोक्याला न आठवणारी गोष्ट हाताला आठवूं शकते, म्हणजे स्मृति ही एकच एक वस्तु नव्हे, हें कोणी न सांगतां त्यांना समजलें. मोलेसन २००८ सालीं वारले. तोंवर विद्वानांच्या लेखांत त्यांचा उल्लेख केवळ दोन आद्याक्षरांनीं होई.

चौथा गट गांवांतल्याच एका डॉक्टरांकडे गेला. कोणत्याही रोग्याचें नांव विचारावयाचें नाहीं, अशी ताकीद होती. मुलांनीं विचारलें, ‘डोक्याला मार लागलेल्या माणसाचे नातलग आपल्याला काय सांगतात?’ डॉक्टर म्हणाले, ‘डोकें दुखतें हें लगेच सांगतात. स्वभाव बदलला हें सहा महिन्यांनीं सांगतात, आणि तेंही तक्रार म्हणून. आजार म्हणून नव्हे.’

शेवटीं चारही गट मोडून नवे गट केले, प्रत्येकांत पहिल्या गटांतील मुलें मिसळून. ज्यानें त्यानें आपला माणूस इतरांस समजावून द्यावयाचा. ही रीति एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनीं १९७१ सालीं टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. तिच्यांत एकट्याचें ज्ञान अपुरें पडतें, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याचें ऐकावें लागतें. त्या बैठकींत एका मुलीनें मला विचारलें, ‘गुरुजी, लेबोर्न्यला चोर म्हणणाऱ्यांना त्याचा आजार ठाऊक नव्हता. पण तो कळल्यावर कोणाला वाईट वाटलें असेल का?’

मला उत्तर देतां आलें नाहीं. मला पस्तीस वर्षांपूर्वींचा माझा एक विद्यार्थी आठवला. अक्षर मोत्यासारखें, वागणें नम्र. चिंचेच्या झाडावरून पडून तो दोन दिवस बेशुद्ध होता. महिन्यानें शाळेंत आला तो प्रार्थनेच्या वेळीं हंसूं लागला, गणित अर्धें टाकून उठूं लागला, टोकलें कीं पाटी आपटूं लागला. मीं त्याला वर्गाबाहेर उभा केला, छड्या मारल्या, आणि प्रगतिपत्रकावर स्वच्छ अक्षरांत लिहिलें: ‘उद्धट व आळशी.’ त्या वर्षींच त्याच्या वडिलांनीं त्याचें नांव काढून घेतलें. पुढें त्याचें काय झालें तें मला कळलें नाहीं; खरें म्हणजे मीं चौकशीच केली नाहीं. ते दोन्ही शब्द तिसऱ्या रकान्यांतले होते. पहिला रकाना मीं कोराच ठेविला होता.

प्रत्येक दुर्वर्तनाचें मूळ मेंदूच्या इजेंत असतें, असा याचा अर्थ कोणी करूं नये. परंतु जो पूर्वीं असा नव्हता आणि डोक्याला मार लागल्यानंतर असा झाला, त्याच्याविषयीं मत देण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. पुढें घरीं दिवसाचा क्रम ठराविक ठेवावा, एका वेळीं एकच काम सांगावें, विसरणाऱ्यास यादी लिहून द्यावी, आणि चिडलेल्याशीं वाद घालूं नये. दुचाकीवर बसणाऱ्यानें हेल्मेट घालावें असा १९८८ सालचा मोटार वाहन कायदा सांगतो. तें दंडाच्या भीतीनें न घालतां डोक्यासाठीं घालावें.

मी माझी ही हकीकत दुसऱ्या दिवशीं त्या मुलांना सांगितली, आणि त्या मुलाच्या प्रगतिपत्रकावर तुम्हीं काय लिहिलें असतें, असें विचारलें. चोवीस कागद आले. एका कागदावर एवढेंच होतें: ‘पूर्वीं असा नव्हता. झाडावरून पडला आहे. पालकांनीं भेटावें.’ तो कागद मीं जपून ठेविला आहे.