छायाचित्र : एक साक्ष
(निमगाव सावा येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आपल्या मुलाने फोटोग्राफर व्हावे, असे सहसा कोणत्याही बापाला वाटत नाही. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, निदान शिक्षक, अशी आपल्या इच्छांची उतरंड ठरलेली असते. फोटोग्राफर म्हटला की लग्नाचा मांडव नाही तर पासपोर्टचा फोटो डोळ्यांपुढे येतो. ही दोन्ही कामे कष्टाची व हलालाच्या कमाईची आहेत, त्यांना मी कमी लेखीत नाही. परंतु कॅमेऱ्याचे एक तिसरे काम आहे आणि ते आपल्या शिवारातच चालू आहे. त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

कुकडीच्या कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्या राहू लागला, ही हकीकत मी तुम्हांला नव्याने सांगण्याची गरज नाही. ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी अशी पिल्ले पुष्कळदा उचलून नेली जात, आणि त्यांना शोधणारी मादी त्या परिसरात बिथरून फिरत असे. आता माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील मंडळी आणि वनखाते पिल्लांची तपासणी करून संध्याकाळी ती त्याच शेतात खोक्यात ठेवतात, आणि जवळ आपोआप टिपणारा कॅमेरा लावतात. रात्री मादी येते, पिल्लू तोंडात धरते, निघून जाते. माणूस तेथे नसतो, असता कामाही नये. मादी येऊन गेली याचा पुरावा फक्त त्या चित्रात असतो. याच्या उलट दुपारी त्याच पिल्लांभोवती मोबाईल घेऊन गर्दी होते, पिल्लू हातात घेऊन फोटो काढले जातात, आणि त्या गोंगाटामुळे मादी जवळ यावयास धजत नाही. कॅमेरा दोन्ही ठिकाणी आहे. एका ठिकाणी तो उपयोगी पडतो, दुसऱ्या ठिकाणी घात करतो.

हा आपोआप टिपणारा कॅमेरा म्हणजे झाडाच्या खोडाला किंवा खुंटाला गुडघ्याच्या उंचीवर बांधलेली एक पेटी असते. समोरून उबदार अंगाचे काही हलले की तिला ते कळते व चित्र निघते. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन पेट्या लावतात. याचे कारण मजेशीर आहे. बिबट्याच्या डाव्या कुशीवरील ठिपके उजव्या कुशीवरील ठिपक्यांसारखे नसतात, आणि एका बिबट्याचे ठिपके दुसऱ्याशी जुळत नाहीत. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखेच म्हणा ना! दोन्ही बाजू मिळाल्या म्हणजे तोच बिबट्या पुन्हा आला की दुसरा, हे सांगता येते.

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने मोजणी केली. २०१३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शेतीवाडीच्या, भरवस्तीच्या मुलखात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. म्हणजे बिबट्या जंगलातून वाट चुकून येत नाही, तो येथेच राहतो. त्याआधी २०११ साली त्यांचा जुन्नर भागाचा अभ्यास आला होता. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ वर गेली. ज्या घरातले मूल बिबट्याने नेले त्या घरी जाऊन हे आकडे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही, हे मी जाणून आहे. पण पिंजरा कोठे लावावा, लावावा की नाही, हे ठरविताना रागापेक्षा अशा चित्रांचा व नोंदींचा आधार अधिक कामाचा आहे.

मुंबईच्या आरे कॉलनीतील वारली पाड्यात नयन खानोलकर यांनी घरांच्या मधल्या बोळातून चालणारा बिबट्या टिपला. चार महिने खटपट केल्यावर त्यांना पहिले मनासारखे चित्र मिळाले. २०१६ साली वन्यजीव छायाचित्रणाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांना शहरी विभागाचे बक्षीस मिळाले. त्या चित्रात बिबट्या गुरगुरत नाही. वस्तीतून आपल्या वाटेने जातो, बस्स. आमच्याकडे मोबाईलवर फिरणारे बिबट्याचे फोटो पाहा! गाव भलतेच, वर्ष भलतेच, आणि हल्ली तर यंत्राने बनविलेले, ज्यात बिबट्याच खरा नाही. अशा एका फोटोने शाळा ओस पडते आणि वनखात्याची माणसे रात्रभर रिकामी धावतात.

प्राण्याच्या चित्राचे जे, तेच संकटात सापडलेल्या माणसाच्या चित्राचे. आंबेगाव तालुक्यातील माळीण आपणा सर्वांना ठाऊक आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवसांत चिखलाची, ढिगाऱ्याची, आक्रोशाची चित्रे देशभर पोचली, मदतही आली. ते ठीकच झाले. परंतु माझ्या मते त्याहून मोलाची चित्रे नंतरची आहेत. २०१७ साली नवे गाव वसले, आणि त्याच वर्षी जूनच्या पावसात तेथील रस्ते खचल्याची, भेगा पडल्याची चित्रे वर्तमानपत्रांतून आली. गर्दी ओसरल्यावर जो परत जातो, त्याच्याच कॅमेऱ्याला हे दिसते.

रडणाऱ्याचा चेहरा टिपावा काय, हा प्रश्न जुना आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हूपर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातील हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून फोटो काढले. ते नावांशिवायच आपल्यापर्यंत आले. याउलट आपल्या महाराष्ट्रातले सुधारक ओलवे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांत मिसळून, त्यांच्या गटारांत, त्यांच्या घरांत जाऊन त्यांनी चित्रे काढली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्या चित्रांतला कामगार घाणीत उभा असला तरी त्याची मान खाली नाही.

फोटो काढावा की नाही यावर आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची मते निरनिराळी आहेत. तो वाद मी येथे काढीत नाही. पण आपल्या आया-बहिणींना न विचारता कोणी कॅमेरा रोखला तर आपल्याला कसे वाटते, हे आपण पुरते जाणतो. म्हणून परवानगी मागणे, नाही म्हटले तर कॅमेरा खाली घेणे, मुलाचा फोटो आईबापांना विचारूनच काढणे, हे आपल्या मुलांना दुसऱ्याने शिकवावे लागू नये.

विद्यार्थी मित्रांनो, महागडा कॅमेरा नाही म्हणून अडून राहू नका. मोबाईल पुरेसा आहे. अडते ते फोटोओळीपाशी. कोठे, कोणत्या तारखेला, कोण, काय चालले आहे, आणि मी हे स्वतः पाहिले की ऐकले, एवढे चार ओळींत लिहिता आले नाही तर तो फोटो वर्षभरात मुका होतो. त्यासाठी मराठी नीट यावी लागते, थोडे विज्ञान लागते, थोडा भूगोल लागतो. मूळ फोटो जसाच्या तसा जपून ठेवा, उजळ करण्याच्या नादात त्यातले काही पुसू नका.

पालकांना पोटाची काळजी असणे रास्त आहे. निव्वळ अशा छायाचित्रांवर घर चालणे कठीण, हे मी लपवीत नाही. परंतु वनखाते, वर्तमानपत्रे, मदतकार्य करणाऱ्या संस्था, शेतीचे संशोधन, या सर्वांना पाहणारा आणि लिहिणारा माणूस हवा असतो. मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत छायाचित्रण शिकविले जाते. मुलीही या कामात पुढे आहेत, आणि बायकांच्या घरात शिरून बोलणे त्यांनाच जमते.

संस्थेला माझी एक विनंती आहे. शाळेने शिवारातील एक विहीर निवडावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्याच दगडावर उभे राहून, त्याच वेळी नववीच्या मुलामुलींनी तिचा एक फोटो काढावा, आणि खाली पाणी किती हात आहे ते लिहावे. वही शाळेच्या कपाटात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यातील बारा चित्रे छापता आली तर मला ती पाहावयास आवडतील.