मुलांसाठी ‘तीर्थ विठ्ठल’

संत नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ राम फाटक यांनी अहीरभैरवात बांधला आणि पंडित भीमसेन जोशींच्या आवाजात तो घरोघरी पोचला. मुलांना अभंगगायनाची गोडी लावायला याहून सोयीची रचना शोधूनही मिळणे कठीण. देव, आई, वडील, भाऊ, गुरू असे सगळे ओळखीचे एकेक पुढे येते आणि प्रत्येकाशेजारी तेच एक नाव. चार वर्षांच्या मुलाला तेवढे पुरते. दुसऱ्यांदा ऐकताना पुढचा ‘विठ्ठल’ येण्याआधीच ते तोंड उघडून बसते.

घोळ घालतात ती मोठी माणसे. गाणे लागण्यापूर्वीच कोमल रिषभ, किराणा घराणे, सवाई गंधर्व यांची उजळणी! पायरी आंबा हाती देताना त्याची जात आणि बाग कोणी सांगत बसत नाही. माचवायचा, देठाकडचा चीक काढायचा आणि द्यायचा. रस कोपरापर्यंत ओघळतो, सदरा खराब होतो, होऊ द्यावा. फोडी करून बशीत दिला, की चोखण्याची मजा गेली. अभंगाच्याही फोडी करू नयेत. तान आली की गाणे पुढे ढकलायचे, ही त्यातलीच खोड. मुले तानेला हसतात, ‘आ’ करून नक्कल करतात. ते रस ओघळणेच आहे.

आधी ठेका. भजनी ठेका आठ मात्रांचा. टाळ नसतील तर दोन वाट्या चालतात. हात ठेक्यात पडला की नाव, नावामागून चाल. राग पुष्कळ नंतर: दहा-बारा वर्षांच्या मुलाला पेटीवर खाली भैरव आणि वर काफी, हे बोटांनीच सापडते. अर्थ सर्वांत शेवटी. हे पुन्हा सांगायला हवे, कारण घरोघरी नेमके उलटे चालते: आधी अर्थ, मग परीक्षा, आणि ठेका कधीच नाही.

राग सकाळचा आहे. डबा भरताना, वेणी घालताना लागला तरी बिघडत नाही. हाताची घडी घालून ऐकवला की ती शिक्षा होते. रोज नवे गाणेही नको. महिनाभर हेच, मग एकनाथांचा ‘माझे माहेर पंढरी’.