शेवटची थाळी



आपल्या खेड्यांतून घरातील सर्वांचे आटोपल्यावर सून जेवावयास बसते. ती गरोदर असली तरी हाच रिवाज! हंडीत उरलेल्या रश्शावर दोन जिवांनी कसे भागवावे? अंगणवाडीचा आहार तिच्या नावाचा असतो, तो घरभर वाटला जातो. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यावयाच्या. पण लगेच वर चहा प्यायला, तर ते लोह अंगी लागत नाही.

बाळ जन्मल्यापासून तासाभरात त्याला पाजावे. पिवळा चीक पिळून टाकू नये. सहा महिने घुटी नको, पाणीही नको; मध तर वर्षापर्यंत नकोच. (वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही, ठाऊक आहे.) पुढे नाचणीची पेज, मऊ खिचडी, अंडे द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. सूरह बकरामध्ये पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. पहिली गोष्ट आपण सांगतो, दुसरी विसरतो.

रमजानमध्ये स्वतःला वा बाळाला अपाय होण्याची भीती असेल, तर गरोदर व पाजणाऱ्या स्त्रीला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. ती सासूबाईंनी आपणहून सांगावी. सून विचारणार नाही.

मुलींनो, धाकट्या भावंडाच्या वजनाचा तक्ता अंगणवाडीत असतो, तो अम्मीला वाचून दाखवा. रेषा खाली झुकली असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे.