केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हातात काय असतं?

चौकातल्या हवालदाराची बदली महाराष्ट्रात केंद्रीय गृहमंत्री करू शकत नाहीत. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय. दिल्लीचे पोलीस मात्र थेट केंद्राच्या अखत्यारीत.

मग या मंत्र्यांकडे उरतं काय? पुष्कळ. सीमेवरचं बीएसएफ, विमानतळांवरचं सीआयएसएफ, राज्यांच्या मदतीला जाणारं सीआरपीएफ, शिवाय गुप्तवार्ता विभाग. पुरात बोटी घेऊन उतरणारं एनडीआरएफही त्यांच्याच मंत्रालयाचं. त्याची एक बटालियन पुण्याजवळ तळेगावला आहे.

आणि लोक जाब विचारतात तो अधिकारांची कलमं वाचून नव्हे. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला झाला. एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून पोचेपर्यंत रात्र सरली. तेव्हाचे गृहमंत्री, लातूरचे शिवराज पाटील यांनी 30 नोव्हेंबरला राजीनामा दिला. डिसेंबरातच एनआयए या राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा संसदेत मंजूर झाला आणि 2009 मध्ये एनएसजीचं केंद्र मुंबईतच सुरू झालं. खुर्ची गेल्यावर यंत्रणा सुधारायची, हे आपल्याकडचं जुनंच दुखणं!

श्रोतेहो, 112 हा देशभरचा मदत क्रमांक याच मंत्रालयाच्या योजनेतला. फोन लागतो तो मात्र आपल्याच राज्याच्या नियंत्रण कक्षाला.