वृद्धांचा खेळ आणि गड्यांची वांटणी

अमेरिकेंतील सेवानिवृत्त गृहस्थ बागेंतल्या झाडांना पाणी घालून उरलेले दिवस काढतो, अशी कोणाची समजूत असल्यास ती फारशी खरी नाहीं. फ्लॉरिडा संस्थानांतील सेंट पीटर्सबर्ग या शहरीं 1930 सालीं सॉफ्टबॉलचा एक क्लब निघाला. तो पंचाहत्तरीच्या घरांतल्या वृद्धांसाठीं, आणि त्याच्या दोन संघांचीं नांवें 'किड्स' व 'कब्ज', म्हणजे पोरें आणि बछडे! पन्नाशी उलटलेल्या हौशी खेळाडूंचे संघ आज त्या देशांत ठिकठिकाणीं आहेत.

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा धाकटा भाऊ. 1887 सालीं शिकागो येथें मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला व काठीची बॅट केली, तेथून हा खेळ सुरू झाला. वृद्धांच्या प्रकारांत चेंडू खांद्याखालून, उंच कमान घेईल असा सावकाश टाकतात. धांवतांना दोघांची टक्कर होऊं नये म्हणून पहिल्या ठाण्याला लागून नारिंगी रंगाचें जोडठाणें ठेवतात. गुडघा धरलेल्या गृहस्थाकरितां दुसऱ्यानें धांवलें तरी चालतें. पुष्कळ ठिकाणीं एका डावांत पांचांहून अधिक धांवा मोजीतच नाहींत. ही सवलत अर्थात् हरणाऱ्याची अब्रू राखण्यासाठीं.

पण संघच मुळांत विषम असले तर हे नियम काय करणार? स्नेह्यांनीं स्नेह्यांना बोलावून संघ उभे केले, कीं दोन वर्षांत चांगले खेळाडू एकीकडे गोळा होतात. तरुण माणूस हरला म्हणजे चिडून सराव करतो. सत्तरीचा माणूस दर आठवड्याला हरूं लागला म्हणजे चिडत नाहीं. तो येईनासा होतो. पहिल्या वेळीं गुडघ्याची सबब, दुसऱ्या वेळीं नातवाच्या वाढदिवसाची. मग जिंकणाऱ्यांनाही प्रतिपक्ष उरत नाहीं.

यावर उपाय म्हणून अशा मंडळांनीं 'ड्राफ्ट' ही पद्धति उचलली. तिचें नांव गाजलें तें धंदेवाईक फुटबॉलमुळें. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची सूचना 1935 सालीं मान्य होऊन 1936 च्या फेब्रुवारींत पहिली निवड झाली. आदल्या हंगामांत तळाशीं राहिलेल्या संघाला पहिला मान, असा तिचा नियम होता. हौशी वृद्धांच्या मंडळांत जुने संघ बहुधा पार मोडतात, सर्व नांवें एका यादींत येतात, आणि कप्तान पाळीपाळीनें एकेक गडी उचलतात.

पाळी कशी लावावी, यांत थोडें गणित आहे. चार कप्तान व अठ्ठेचाळीस गडी असे धरूं. दर फेरींत तोच क्रम ठेवला, तर पहिल्याला 1, 5, 9 या क्रमांकांचे गडी मिळतात आणि चवथ्याला 4, 8, 12 या क्रमांकांचे. म्हणजे पहिला प्रत्येक फेरींत तीन पायऱ्या वर. म्हणून दुसरी फेरी उलटी फिरवितात. आतां पहिल्याला पहिला व आठवा, चवथ्याला चवथा व पांचवा. बेरीज दोघांचीही नऊ. तरी बेरीज सारखी म्हणजे बळ सारखें, असें नव्हे. पहिल्या व दुसऱ्या गड्यांत जें अंतर असतें तें सातव्या व आठव्यांत नसतें. एखादा कसलेला 'पिचर', म्हणजे चेंडू टाकणारा, एकटाच सामना फिरवितो. शिवाय या वयांत गुण टिकाऊ नसतो: एप्रिलमध्यें सर्वांत चपळ ठरलेला माणूस जूनमध्यें पाठ धरून बसलेला असतो. यासाठीं कांहीं मंडळें राखीव यादी ठेवतात आणि जाणाऱ्याच्या जागीं त्याच तोलाचाच माणूस देतात.

या पद्धतीचा खरा लाभ दुबळ्या संघापेक्षां दुबळ्या गड्याला होतो. मित्रांच्या संघांत अठ्ठेचाळिसाव्या माणसाला कोणी बोलावीत नाहीं. वांटणींत मात्र तो कोणाच्या तरी वांट्याला येतोच. त्याची जागा मेहेरबानीची राहत नाहीं, हक्काची होते. पण त्याबरोबरच आपण शेवटचे निवडले गेलों हेंही त्याला कळलें, तर ती जागा कांट्यासारखी टोंचेल. चाळीस वर्षें कचेरी गाजविलेल्या माणसाला हें शाळकरी पोरापेक्षां अधिकच लागतें. म्हणून शहाणीं मंडळें निवड बंद खोलींत उरकतात आणि संघांच्या याद्या आडनांवांच्या वर्णक्रमानें लावतात. आपल्याकडे मुलें गडी वांटतांना बरोबरीच्या दोघांची जोडी बाजूला जाते, 'चंद्र' आणि 'सूर्य' अशीं गुप्त नांवें घेऊन येते, आणि नायक न कळत एक मागतो. त्यांतही कोणी शेवटचा उरत नाहीं. मुलांना सुचलेली ही तोड त्या मंडळांच्या बंद खोलीहून कमी शहाणपणाची नाहीं.

याहूनही चोख एक रीत कोठें कोठें आहे. चारी कप्तान एकत्र बसून चार संघ जुळवितात. कोणता संघ कोणाचा, हें तोंवर ठरलेलें नसतें. जुळणी सर्वांना पटली, कीं चिठ्ठ्या टाकतात. कोणताही संघ आपल्याच गळ्यांत पडेल या धास्तीनें प्रत्येक जण तराजू सरळ धरतो. मात्र एका मोटारींतून येणाऱ्या दोघा शेजाऱ्यांना वेगळे करूं नये, ही अट बहुधा पाळावी लागते. त्यांतल्या एकाला संध्याकाळीं गाडी चालविण्याइतकें दिसत नसतें. आणि अशा मंडळांत यादींतील प्रत्येकाला बॅट धरण्याची पाळी मिळते, त्यामुळें कच्चा गडी बांकावर बसवून लपवितां येत नाहीं. कप्तानाला त्याला चेंडू कसा टोलवावा हें शिकवावेंच लागतें, मग तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा कां असेना.