निशिगंधाची दांडी

फुलबागेचा छंद संसाराला हातभार लावूं शकतो; मात्र फूल वाढविण्यापेक्षां तें योग्य वेळीं कापणें अधिक कठीण. मूळच्या मेक्सिकोंतील निशिगंधाचेंच उदाहरण घ्यावें. वसंतांत लावलेले कंद पावसाळ्यांत दांड्या धरतात. एकदां लावलेला वाफा सुमारें ३ वर्षें फुलतो. हारांसाठीं एकेरी, फुलदाणीसाठीं दुहेरी जात निवडावी.

दांडीवरील कळ्या खालून वर उमलतात. तळच्या दोन-तीन उमलतांच पहाटे दांडी कापून लागलीच पाण्यांत ठेवावी. सर्व फुलें उमलेपर्यंत थांबणारा आपल्या वाफ्याची शोभा पाहतो, पण गिऱ्हाइकाच्या फुलदाणीचे दिवस खर्चून टाकतो. असें गिऱ्हाईक पुन्हां फिरकत नाहीं. दारचें ऐश्वर्य थोडें अगोदरच दुसऱ्याच्या घरीं धाडण्याचा संयम ज्याला साधला, त्यालाच हा लहानसा व्यवसाय फळतो.